डब्ब्यावर सोडा लिहिलं होतं

हॅलो?… हाव, बोल अल्का… झोपलो नव्हतो वं, हात कामात हाय… आंगनातच. रत्नपालची गाडी पुसून राहिलो. साळ्याची गाडी वापस देताना पुसू नये काय?…

खोटं कायले बोलू?… कोन सांगतलं?… रेणूनं? तिले काही कामधंदा नाही काय, भिंतीवरून पाहूनच राहते!

बरं, ऐक. ठोकली. मागं घेताना, बोरिंगच्या हापशाले… बंपरचा कोपरा निघाला. पोळीएवढा… बरं, परातीएवढा.

हसू नको! मीच त्याले म्हटलो होतो न, 'गाडी मागं घेनं भाऊजीकडून शीक'… आता येते तो गाडी न्यायले. देवरीले पोरगी पाहायले जायचं हाय त्याले. फुटक्या गाडीनं गेला तं जिंदगीभर माहं नाव सांगन.

म्हनून जोडून राहिलो घरीच… हाव, मोबाइलात पाहून. पॉलिश पेपरनं घासलो, तो झटकन चिकटते तो गोंद लावलो, वरून खायचा सोडा टाकलो. दगडावानी घट्ट होते म्हने… कुठं घट्ट! लापशी झाली. कोंबड्या चोची मारून राहिल्या बंपरले. हट! हट!…

कोनता डब्बा म्हंजे? सोडा लिहिलेला… काय?… तांदळाचं पीठ?… मंग लिहिली कायले सोडा?… अन् सोडा कुठी हाय?… हळदीच्या डब्ब्यात. अन् हळद… जाऊ दे, सांगूच नको.

आनू कसा सोडा? उजवा हात चिकटला न कोपऱ्याले… दाबून धरा म्हने, तं धरलो… गरम पानी? सैपाकघरात गाडी घेऊन जाऊ काय?… डाव्यानं कसा सोडवू? डाव्यात फोन हाय… अवं तेच तं सांगून राहिलो, फोन ठेवता येत नाही! ट्यूब डाव्यानं दाबली, अन् तेवढ्यात तुहा फोन आला… हाव. तळहाताले.

थांब, थांब… ऑटो थांबला. आला तुहा भाऊ. हसू नको वं, त्याले आयकू जाईल!…

ये रत्नपाल, ये! गाडी पुसून राहिलो…

अल्का, तो जय भीम करून राहिला. दोन्ही हात जोडून… तोंडानं म्हटलो न! तरी माह्या हाताकडंच पाहून राहिला… जावई हाव मी, असा कसा बसून राहू? जोर लावतो…

जय भीम, रत्नपा—

…अल्का. कोपरा आला वं. हातासंगच आला, कपाळापावेतो.

नाही, चिडला नाही. बसला खाली. पोट धरून हासून राहिला… म्हनते, देवरीले तुमीबी चला भाऊजी, असेच. पोरीच्या बापानं विचारलं तं सांगीन, बंपर आमच्या जावयाच्या हाती हाय…

तूबी हासून राहिली? शरम नाही काय वं? ठेव फोन!… अवं तूच ठेव, मी कसा ठेवू!