काटा कुणी बंद केला?

तुमी मला सर्वरवाला म्हणून चिडवता ना, मग हे ऐकाच. परळीकडं आमच्या साखर कारखान्यात उसाच्या वजनाचा काटा सर्वरवर चालतो. ऐन हंगामात त्या सर्वरच्या फर्मवेअरचं अपडेट आलं. काट्यावरचे तात्या भडकले, "मागच्या टायमाला चार तास काटा बंद होता. ट्रॅक्टरची रांग पार हमरस्त्याला गेलती!"

मी म्हणालो, "तात्या, आता सर्वर दोन हायेत. एकाचं अपडेट करताना काम दुसऱ्यावर चालवतो. काटा बंद पडणार न्हाई."

"लई बघितले तुझ्यासारखे," म्हणत तात्या निघून गेले.

मी एक सर्वर उरकला, काम त्याच्यावर घेतलं, मग दुसरा उरकला. काम एक मिनिट थांबलं न्हाई. मी खुशीत चहा सांगितला, तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन. "खिडकीतून बघतोय, एक ट्रॅक्टर हलत न्हाई. काटा काहून बंद हाय रे?"

मी पळतच बाहेर गेलो. काटा चालू, पण एकाही ट्रॅक्टरवर ड्रायव्हर न्हाई! तात्यांनी कवाच भोंग्यावर सांगून टाकलं होतं, "काटा चार तास बंद, जेवून या."

मी फोन तात्यांच्या हातात दिला. "घ्या, साहेब इचारतायत, काटा कुणी बंद केला."