थांबायचा हात

अनोळखी बाई : आजोबा, थांबायच्या आधी हात वर करतात! पहिल्यांदाच बसलात का सायकलवर?

आयनर : केला होता. तुमचं लक्ष नव्हतं.

अनोळखी बाई : तिघं आडवे झालो, तरी वर तोंड करून बोलताय! सुट्टीवर आलेली माणसं!

(ती सायकल उचलून निघून जाते. ऑरहूस शहराच्या बंदराकाठी बाप आणि लेक उरतात.)

बोदिल : बाबा, तुम्ही हात केला नव्हता. मी तुमच्यावर आदळले, ती माझ्यावर. गुडघा बघा माझा.

आयनर : मग अंतर ठेवायचं. सहावीच्या पोरांनाही कळतं.

बोदिल : सहावीचं काढू नका!

आयनर : का? बत्तीस वर्षं शाळेत सायकलची परीक्षा घेतली मी.

बोदिल : माझीही घेतलीत. वळताना हात केला नाही म्हणून पोटच्या पोरीला नापास केलंत. वर सायकल हातात धरून चालत घरी यायची शिक्षा. चार किलोमीटर, भर पावसात. तुम्ही मात्र टांग मारून पुढे निघून गेलात.

आयनर : त्यानंतर कधी विसरलीस हात करायला?

बोदिल : नाही. आणि तो रस्ताही नाही विसरले.

आयनर : झालं! चार दिवस समुद्रकाठी सुखानं फिरावं, तर चाळीस वर्षांपूर्वीचं उकरून काढतेस. चल, पोहायला उशीर होतोय.

बोदिल : आधी हात वर करा. उजवा.

आयनर : लोक बघतायत.

बोदिल : बघू देत. वळताना नुसती मान हलवताय कालपासून. आइस्क्रीमसुद्धा डाव्या हातात धरलंत. करा वर!

आयनर : बोदिल, पुरे.

बोदिल : करा म्हणते ना!

आयनर : नाही होत! खांद्यापर्यंतसुद्धा जात नाही. ईस्टरपासून. झालं समाधान?

बोदिल : ईस्टरपासून? आणि दर रविवारी फोनवर ‘ठणठणीत आहे’? मग डावा करायचा!

आयनर : डावा सोडला तर हँडल कोण धरणार? उजव्या बोटांत जोरच नाही.

बोदिल : आणि तरी या गर्दीत घुसलात? जीव गेला असता कुणाचा तरी!

आयनर : सांगितलं असतं तर सायकल काढून घेतली असतीस.

बोदिल : घेतलीच असती!

आयनर : म्हणून नाही सांगितलं.

बोदिल : तुमच्या वर्गातल्या पोरानं असं केलं असतं तर?

आयनर : नापास.

बोदिल : आणि?

आयनर : ...आणि चालत घरी. इथून आपली खोली किती लांब?

बोदिल : पाच किलोमीटर.

आयनर : बरं. तू हो पुढे. तुझा काही दोष नाही.

बोदिल : ती टॉवेलची पिशवी द्या इकडे.

आयनर : अगं, गुडघा फुटलाय तुझा. बस सायकलवर, जा.

बोदिल : नाही. एकटीनं चालून बघितलंय मी. चला.