चुंबकाला चिकटलेली बोरमाळ

चुंबक लावून सोनं ओळखू नका, हे मी अनुभवाने सांगते. आमचे सासरे चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत होते, त्यामुळे तपासल्याशिवाय ते काही मानत नाहीत. बँकेत लॉकर घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी घरातला एकेक दागिना चुंबकाला लावून पाहिला. सासूबाईंची बोरमाळ चटकन चिकटली.

"ही खोटी," म्हणाले आणि बाजूला ठेवली. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.

खोटीच आहे म्हणून मी ती लेकीला शाळेच्या गॅदरिंगला घातली. पोरगी मनसोक्त नाचली. त्यात माळेचा हूक वाकला, म्हणून दुसऱ्या दिवशी दिघीतल्या सराफांकडे गेले. त्यांनी एक मणी कसोटीवर घासला.

"ताई, मणी बावीस कॅरेटचे आहेत. हूक तेवढा लोखंडी आहे, नंतर कुणीतरी बसवलेला."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तो हूक मीच बसवून घेतला होता."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर लॉकरमध्ये गेली असती. आता पोरीच्या गळ्यात नाचून तरी आली."