फुटक्या कोशाचं लुगडं

माहेर माहं आरमोरीच्या पलीकडं, जंगलाले लागून, अन् सासर हे, वैनगंगेच्या काठचं, मार्कंड्याच्या अलीकडचं. दोन्हीकडं धंदा एकच, बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, अन् नदीतली मासोळी अन् ऐनाच्या झाडावरचा कोसा. तुमी शहरातल्या बाई, तुमाले कोसा म्हणजे दुकानातली साडी. आमच्याकडं कोसा म्हणजे आधी किडा. हिरवा, बोटाएवढा, रात्रंदिवस पाला खाते, अन् माणसं झाडाखाली झोपडी बांधून त्याले कावळ्यापासून, मुंगळ्यापासून राखत राहते. मग तो सोताभोवती कोसा बांधते अन् आतमंदी झोपते. झोपला का आमी त्याले उकळतो. कान लावून हलवून पाहा, आतमंदी खुळखुळ वाजते. तो खुळखुळा म्हणजे तोच.

लग्न होऊन आली तवा मी सोळाची असन नाईतर सतराची, कोनी लिहून ठेवलं आहे. चौथी शिकली होती ना मी, म्हणून लय शहाणी. गावातल्या साऱ्या बाया मले गावंढळ वाटे अन् मी एकटी हुशार. तुमी लिहून घ्या बाई, तशीच लिहा, का ही बाई तवा गधडी होती. लाजू नका. मी माह्या तोंडानं सांगून राह्यली.

घरी तिघंच. माहा घरवाला, मी अन् बुढी, म्हणजे माही सासू. आत्या म्हणो मी तिले तोंडावर, मागं बुढीच. वाळकी, उंच, बोलणं कमी. दिवसभर उंबऱ्यात बसे, लुगडं मांडीच्या वर खोचे अन् उघड्या मांडीवर हाताच्या तळव्यानं कोशाचं सूत वळत राहे. चरखा नाई, टकळी नाई, मांडीच. उजव्या मांडीवर तिच्या घट्टा होता, गुळगुळीत, घासून घासून चिंचोक्यासारखा झालेला. मले शिसारी ये. मी म्हणो, आत्या, लोक जाते-येते समोरून, मांडी झाका. ती म्हणे, बाई, लोकाच्या अंगावर जे आहे ते कोनाच्या तरी मांडीवरूनच आलं. मले वाटे, बुढी बावळट आहे.

आता फुटका कोसा काय ते सांगतो, नाईतर पुढचं समजणार नाई. सारेच कोसे उकळत नाई. पुढच्या पिकाच्या बियांसाठी काही तसेच माळेत टांगून ठेवते. त्याच्यातून पाखरू निघते, एका टोकाले भोक पाडून, ओलंच, मग पंख वाळवते अन् उडते. मागं रिकामा कोसा राहते, भोकाचा. त्याचं सूत तुटक निघते, लांब नाई, म्हणून व्यापारी घेत नाई, लोक फेकून देते. बुढी ते गावभर फिरून टोपल्यात गोळा करे. राखेच्या पाण्यात शिजवे, धुवे, अन् मांडीवर वळे. त्याच सुताचं तिनं एक लुगडं केलं होतं. माहा घरवाला पाळण्यात होता तवा धरलं अन् तो ऐनावर चढायले लागला तवा पुरं झालं, एवढी वर्षं. मग विणकराकडून विणून आणलं. रंग नाई, काठ नाई, वाळल्या पाल्याच्या रंगाचं. चालली का आवाज ये, सर्र सर्र, पाला तुडवल्यावानी. वर्षातून एकदाच घाले, मार्कंड्याच्या जत्रेले. बाकी वर्षभर पेटीत.

मले एकदा तिनं सांगितलं होतं, बसल्या बसल्या, सूत वळता वळता. म्हणे, बाई, आपण जन्मभर उकळतो. किती जीव उकळले त्याचा हिशोब नाई. पोट आहे, करा लागते. पण याच्यात कोनी मेलं नाई, सारे उडून गेले. म्हणून मरन तवा माह्या अंगावर हेच टाकजो. दुसरं काई टाकू नोको. मी हो म्हटलं. हो म्हणायले काय लागते. मी तवा मनात नायलॉनची साडी पाहून राह्यली होती, हिरवी, त्याच्यावर गुलाबी फुलं, एका तारीवर वाळणारी. गावात एकीनं आणली होती. धुतली का पिळायची गरज नाई, इस्त्री नाई, पाच मिनिटात वाळते. मले वाटे, देवानं ही साडी खास माह्यासाठी बनवली अन् चुकून तिच्या घरी धाडली. घरवाल्याच्या डोक्यावर बसून बसून मी बी एक आणवली. ती नेसून मी पाणी भरायले चार-चार चकरा मारो, घरी गुंड-घागरी भरलेल्या असल्या तरी.

मग ती भांडेवाली आली. जुने कपडे घेते अन् भांडं देते ती. दुपारची वेळ, बुढी नदीवर, घरवाला रानात. तिच्या टोपल्यात एक स्टीलचा गंज होता, तुमी पातेलं म्हणता ते, मोठा, भाताचा, अन् आमच्या घरी सारं जर्मनचं, अल्युमिनचं, चेपलेलं, काळं. त्या गंजात माहं तोंड दिसलं. काय सांगू तुमाले बाई, सोताचंच तोंड पाहून भुलली मी. घरवाल्याच्या दोन फाटक्या सदऱ्यावर ती ऐकेना. मी आत गेली, पेटी उघडली अन् बुढीचं लुगडं आणून दिलं. तिनं दोन बोटात धरून चोळलं, अन् घासाघीस केली नाई. गंज माह्या हातात देला अन् उठलीच. भांडेवाली घासाघीस न करता उठते, तवाच समजायले पाहिजे होतं. पण चौथी शिकलेली ना मी.

बुढीनं गंज पाह्यला, विचारलं, कुठून आणला. मी म्हटलं, जुने कपडे देले. ती म्हणे, बरं.

जत्रा आली. बुढीनं पेटी उघडली. मी चुलीपाशी, तिच्याकडं पाठ. म्हणे, बाई, लुगडं दिसून नाई राह्यलं. मी तयारच होती, म्हटलं, आत्या, उंदरानं कुरतडलं, मी फेकून देलं, तुमाले वाईट वाटन म्हणून सांगितलं नाई. किती गोड बोलली पाहा मी. उंदीर कुरतडते तर चिंध्या तरी राहते, लेंड्या राहते, पेटीले भोक राहते. बुढीनं सारी पेटी हातानं चाचपली, कोपरे चाचपले. मग चुलीपाशी आली, तो गंज खाली उतरवला होता त्याच्यापाशी बसली, अन् त्याच्या पोटावरून तळवा फिरवला, हळू, वरून खाली, जसा कपड्यावरून फिरवते तसा. म्हणे, चांगला आहे. भात चांगला शिजन.

बस, एवढंच. त्या वर्षी ती जत्रेले गेली नाई. म्हणे, पाय दुखते. दुसऱ्या वर्षी बी नाई, तिसऱ्या वर्षी बी नाई. रोज त्या गंजातला भात खाये अन् जेवण झालं का सोता घासे. मले घासू देत नव्हती. राखेनं घासे, तळव्यानं. मले बोलली असती, शिव्या देल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या तर मी भांडून मोकळी झाली असती. ती तर गंज घासे.

मेली पावसाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं. घरी धड कपडा एकच, माही ती हिरवी साडी, फुलांची. मीच काढून देली, अन् तवा मले वाटलं बी, का मी किती मोठ्या मनाची. बाया घाटावर जात नाई आमच्याकडं. घरवाला संध्याकाळी आंघोळ करून आला, ताटावर बसला अन् जेवला नाई. मी म्हटलं, काऊन. तो म्हणे, नायलॉन जळत नाई, विरघळते. आईच्या अंगाले चिकटलं ते. मग म्हणे, मले विचारू नोको. तो मरेपर्यंत मी विचारलं नाई अन् मी सांगितलं बी नाई.

तवापासून तो आवाज आहे. सर्र सर्र. रातीचा नाई बाई, भरदुपारी. मी चुलीपाशी वाकली का मागून जाते, उंबऱ्याकडं. वळून पाहा तर कोनी नाई. भूतबाधा असती तर उतरवली असती. हे उतरवाले कोनाले सांगू, आधी माहं केलेलं सांगा लागन ना. म्हणून मी काय केलं, फुटके कोसे गोळा करायले लागली. लपून. बुढीचं बुढीले परत करायचं, जाताना सोबत न्यायचं, म्हणून. आता कोसा थोडेच लोक करते, वर्षाले टोपलंभर मिळे कधी, कधी तेवढे बी नाई. अन् मांडीवर सूत वळायले बसली तवा समजलं का हे येत नाई मले. पाहिलं होतं रोज, शिसारीनं पाहिलं होतं, शिकली नव्हती. धागा तुटे, मांडी सोलून निघे. बुढी असती तर हसली असती. कदाचित हसतच असन.

प्राची माह्या पोराची पोरगी, ऊर्जानगरच्या वीजवाल्यांच्या क्वार्टरात वाढलेली, चंद्रपूरले कॉलेजात आहे. मागच्या उन्हाळ्यात आली ते एक बोरं, पोतंच म्हणा, भरून कपडे घेऊन. म्हणे, आजी, मले कपाट रिकामं करायचं आहे. फक्त सात कपडे ठेवीन, जमिनीले, पाण्याले त्रास न होणारे. बाकीचे फाटेपर्यंत वापरीन, वाटीन, नवे घेणार नाई. मी म्हटलं, पोरी, सात कपडे असणाऱ्या बाईले तुह्या वयात आमी श्रीमंत म्हणो. माह्याकडं दोन होते, एक अंगावर, एक वळणीवर. ती मोबाइलमंदी लिहून घ्यायले लागली. मी म्हटलं, हे काय लिहून राह्यली, हे गरिबीचं आहे, अकलेचं नाई.

मग म्हणे, याच्यात सुती कोनतं अन् प्लास्टिकचं कोनतं हे समजत नाई, चिठ्ठ्या निघून गेल्या. मी म्हटलं, आण इकडं. हे कामाचं ज्ञान आहे माह्याकडं. एकेका कपड्याच्या शिवणीतून धागा ओढला अन् चुलीतल्या इंगळावर धरला. सुती असला तर कागदावानी जळते, राख होते, फुंकली का गेली. कोसा, लोकर असली तर केस जळाल्यावानी वास. अन् ते तिसरं, ते जळत नाई, आकसते, टिपूस होते अन् बोटाले चिकटते. प्राची हसून राह्यली होती, म्हणे, आजी, तू तर लॅबवाली. एकामागून एक, टॉप, लेगिंग, ओढणी, सारी टिपसं. शेवटी एक हिरवी ओढणी होती. तिचा धागा धरला, टिपूस झालं, माह्या बोटाले चिकटलं, अन् वास आला. मागून सर्र झालं. मी वळली नाई. बोट राखेत घासत राह्यली, घासतच राह्यली. पोरगी म्हणे, आजी, काय झालं वं, पानी पे.

मग सांगितलं. पन्नास वर्षांनी पहिल्यांदा, भांडेवालीपासून घाटापर्यंत सारं. ती त्या गंजाकडं पाहत राह्यली. अजून आहे तो, तोच, त्याच्यातच तिच्यासाठी भात ठेवला होता. मले वाटलं, आता जेवणार नाई ही. जेवली. जेवून म्हणे, सूत दाखव.

सूत पेटीत होतं, त्याच पेटीत. पण लुगड्याले पुरणारं कुठी. माहे डोळे अधू झाले, मांडीवर कातडी नाई राह्यली. ती म्हणे, मले शिकव. मी म्हटलं, मांडी उघडी करा लागते. ती आत गेली अन् हाफ चड्डी घालून आली. त्याच चड्डीवरून आदल्या दिवशी मी तिच्याशी भांडली होती, का गावात घालू नोको. म्हटलं, घाल माय, घाल, तुही चड्डी तुह्या आजीच्या अकलेपेक्षा कामाची निघाली. सुट्टीभर बसली उंबऱ्यात. लोक जाये-ये समोरून. एक बुढा म्हणे, काऊन वं बाई, नातीची मांडी झाक. मी म्हटलं, भाऊ, तुमच्या अंगावरचं धोतर का आभाळातून पडलं.

विणकरानं विणून देलं दिवाळीच्या आधी. लुगडं नाईच झालं. पाच हात, ओढणीएवढं. तरी मी म्हटलं, चालते, मले झाकायले कितीसं लागन, मी वाळूनच गेली आहे. हे माह्यासोबत जाईन. प्राची दिवाळीच्या सुट्टीत आली होती, म्हणे, आजी, माह्या सातातला एक हा पाहिजे होता. मी म्हटलं, नाई. हे तुहं नाई, माहं बी नाई, हे बुढीचं आहे, तिले पोचवायचं आहे. ती म्हणे, जाळून पोचते का. रुसली नाई, मागितलं नाई परत. फक्त त्याची घडी मांडीवर घेतली अन् त्याच्यावरून तळवा फिरवला, हळू, वरून खाली.

बाई, तिनं बुढीले पाह्यलं नाई. तिचा बाप बी झाला नव्हता तवा बुढी गेली. मी गंजाची गोष्ट सांगितली खरी, पण तळवा कसा फिरवला ते सांगून नाई समजत. ते मीच पाह्यलं होतं, पाठ फिरवून, चोरून. मी तिच्या हातातून घडी घेतली, उलगडली अन् तिच्या खांद्यावर टाकली. म्हटलं, घाल. पेटीत ठेवू नोको, पेटीतले कपडे चोरीले जाते, अन् घरातलेच चोरते. फाटेपर्यंत घाल, मग ठिगळ लाव, मग घाल. ती म्हणे, अन् तुले. म्हटलं, मले जुनं सुती पातळ टाकजा, धुतलेलं. फुंकली का गेली पाहिजे मी. अन् बुढीपुढं रिकाम्या हातानं जाईन. काय सांगायचं ते तिथी सांगीन.

ती बसनं गेली, खांद्यावर ते घेऊन. अंगणातून निघाली तवा सर्र सर्र आवाज आला, मी वळून पाह्यलं, अन् पहिल्यांदा त्या आवाजाखाली माणूस होतं.

मले वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चुलीपाशी वाकली, तर मागून गेलाच. सर्र सर्र, उंबऱ्याकडं. मी म्हटलं, आत्या, आता इथी काय करून राह्यल्या, तुमचं लुगडं चंद्रपूरले गेलं. तिथी थंडी पडते, पोरगी सकाळीच कॉलेजात जाते, तिच्या खांद्याशी जा. अन् जत्रेले तिले घेऊन या, मी मार्कंड्याच्या पायऱ्यावर बसून राहीन.

बुढी बोलणं कमीच करे. थांबा बाई, उठू नोका, भात झाला आहे, त्याच गंजातला आहे, जेवून जा.