शिंपीकाकांनी न मारलेली सोंगटी

आणि वर सगळे मलाच म्हणतात, बोलत जा गं जरा, चारचौघांत तोंड उघडत जा… उघडलं ना, तुम्हाला सांगते, उघडलं एकदाचं, आणि मग ते शिवून घ्यावंसं वाटलं, पण शिवायचं कोणाकडून, तर शिंपीकाकांकडूनच, आणि त्यांच्याकडे तर मला बघवतही नव्हतं.

माझा मामा घड्याळं दुरुस्त करतो. शेजारच्या गाळ्यात शिंपीकाका. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरची काच पुसून दोघं बॅकगॅमनचा, म्हणजे फासे टाकून सोंगट्या घरी न्यायचा, पट मांडतात, आणि खेळ कमी, भांडण जास्त. भांडण एकच, मी जन्मायच्या आधीपासूनचं. मोठा खेळाडू कोणाला म्हणायचं? मामा म्हणतो, फासे कसेही पडोत, हिशोब पक्का पाहिजे. शिंपीकाका म्हणतात, हिशोब तुझ्या घड्याळांना शिकव लेका, खेळाडू तो, जो हरताना तोंड पाडत नाही. मग मामा म्हणतो, तुला सराव दांडगा आहे त्याचा. आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. मला घुमी म्हणतात, म्हणूनच बसू देतात, कारण त्या पटाशी नियम एकच, बघणाऱ्याने बोलायचं नाही.

मग मी बोलले कशाला? तर शाळेत वादविवाद! बाई म्हणाल्या, असहमत व्हा, पण सुरुवात अशी करा, 'आपल्या मताचा पूर्ण आदर राखून…' आणि घरी सराव करा. आता तुम्हीच सांगा, आईशी कधी आदर राखून असहमत होऊन पाहिलंय का तुम्ही? मी पाहिलंय एकदा, भरल्या ताटावरून उठवलं तिने. मी मनातल्या मनात सराव करत दुकानात जाऊन बसले.

आणि नेमकी त्याच दिवशी दोघांची पैज. हरेल त्याने उभं राहून कबूल करायचं की मोठा खेळाडू समोरचा. इस्त्रीवाला आला, औषधांच्या दुकानातल्या काकू आल्या. डाव अगदी शेवटाला. मामाची एक सोंगटी मागे एकटी पडलेली. एकटी सापडली आणि मारली, की ती पटाबाहेर, तिचा सगळा प्रवास पहिल्यापासून. शिंपीकाकांचे फासे पडले, नेमके तिला मारणारे, पण त्यांचं लक्ष भलतीकडे, कारण मामा मुद्दाम बडबडत होता, शेवटी काय, हिशोब हो, हिशोब… आणि माझा सराव सुटला.

"आपल्या मताचा पूर्ण आदर राखून, मामा, मोठा खेळाडू तो, ज्याला तुझी ती मागे एकटी राहिलेली सोंगटी दिसते."

दुकानातली सगळी घड्याळं एकदम ऐकू यायला लागली.

शिंपीकाकांनी सोंगटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझे कान असे तापले की इस्त्रीवाल्याने शर्ट फिरवला असता. आणि त्यांनी सावकाश दुसरीच सोंगटी उचलली.

"मार की," मामा म्हणाला.

"मला नाही दिसली."

"तिने सांगितली ना!"

"मला कमी ऐकू येतं."

ज्यांना खाली पडलेली टाचणी ऐकू येते, ते हे म्हणतात! मामा जिंकला. कोणी टाळी वाजवली नाही. शिंपीकाका उठले, म्हणाले, मोठा खेळाडू हा. आणि मामा पटाकडे बघत म्हणाला, "नाही, आपण."

आपण! ज्याला लेका म्हणायचं, त्याला आपण! तेव्हापासून, तुम्हाला सांगते, दोघं खेळायला लागले ते नव्या व्याह्यांसारखं. आधी आपण टाका. छे छे, आपणच. आपलं म्हणणंही बरोबर आहे… भांडण बंद. नुसता आदर. बाईंनी पैकीच्या पैकी दिले असते, आणि मला मात्र काउंटरखाली शिरावंसं वाटत होतं.

शेवटी एक दिवस धीर करून गेले आणि दोघांची माफी मागितली. सराव न करता. मग मामाने फासे खाली ठेवले.

"मोठा खेळाडू कोण, सांगू, घुमे? ज्याची भाची शेजारी बसत नाही."

आणि शिंपीकाका, जे आजवर मामाच्या एका शब्दाला हो म्हणाले नव्हते, ते म्हणाले, "हे मात्र सोळा आणे खरं, लेका."

लेका म्हणाले! आणि लगेच फाशांवरून जुंपलीसुद्धा.

आता माझं स्टूल दुकानाच्या पायरीवर असतं. भांडण तिथून छान ऐकू येतं. आणि दोघांच्याही मताचा पूर्ण आदर राखून सांगते… मी सहमत आहे.