कवितांच्या कपाटातलं पोलाद

१९७४ साली सांगलीत, इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात, मी ह्यांची पुस्तकं परत द्यायला रांगेत उभी होते. माझ्यापुढे वडूजचा धोंडिराम, त्याच्यापुढे त्याचा दोस्त केरू, आणि खिडकीत पलटणीतून निवृत्त होऊन आलेले लालासाहेब.

"केरू, मेलो रं. पोलादाचं पुस्तक गायब झालं."

"एकच प्रत हाय न्हवं ती?"

"म्हणून तर मी लपवलं हुतं! कवितांच्या कपाटात, मागच्या वळीला. तिकडं आपल्यातलं कोण मरायला जातंय?"

"लय डोकं चालवलंस."

"हसू नगंस. आज बाराला माझा सेमिनार हाय. तापलेलं पोलाद पाण्यात बुडवलं की का तडकतं, ते सांगायचंय. पुस्तक न्हाई गावलं तर सर मलाच बुडवत्यात. आवं लालासाहेब, कवितांच्या कपाटाला कुणी हात लावला?"

"मी. रोज सांजच्याला पुस्तकांची हजेरी घेतो. तुझं पोलाद कवितांत घुसलेलं गावलं, तवाच त्याला त्याच्या जागी उभं केलं."

"कवा?"

"आठ दिस झालं."

"मंजे आठ दिस ते धातूंच्याच कपाटात हाय?"

"आज सकाळपातुर हुतं. तू बघितलं न्हाईस व्हय तिथं?"

"तिथं कशाला बघू? मीच काढलेलं न्हवं तिथनं!"

"केरूनं बघितलं. त्याच्या बगलंत हाय ते. आण रं केरू, शिक्का मारतो."

"केऱ्या! तुझा सेमिनार कवा हाय?"

"अकराला. बाराला तुझ्या हातात देतो की."

"मग मी वाचू कवा?"

"तवर कविता वाच, गड्या."