आगरच्या गाडीचा वेग

सन्माननीय अध्यक्ष भय्यासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती अण्णा पुराणिक आणि आपल्या उज्जैनच्या मराठी समाजातील भगिनी-बंधूंनो,

अण्णा उद्या लेकीकडे, गौरीकडे, पुण्याला कायमचे निघालेत. निरोपाचं गोड बोलायला मला, वासंती जोगला, उभं केलंय. गोड बोलेनच, पण आधी थोडं भांडते.

बाहेर टेबलावर मांडलेली उज्जैन-आगर रेल्वे लाईनची छोटी गाडी अण्णांनी आपल्या समाजाला दिली आहे. आगरला ड्रॉइंग मास्तर होते तेव्हा खऱ्या गाडीनं ते येत-जात. ती बंद होऊन वीसेक वर्षं झाली. हे मॉडेल आम्ही दोघांनी केलं. झाडं माझी, भांडी घासायच्या काथ्याची. डब्यांचा रंग अंदाजपंचे. खऱ्या गाडीसारखं किती असावं, असं कोणी विचारेल. रंगावरून अण्णांनी कधी हुज्जत घातली नाही. वेगावरून मात्र कुणाचं ऐकलं नाही.

गेल्या गणेशोत्सवात काय झालं? भय्यासाहेब, तुम्ही म्हणालात, “अण्णा, ये तो चींटी की चाल है! ज़रा दौड़ाओ!” अण्णा नको म्हणाले. तुम्ही हसत हसत स्वतःच वेगाचं बटण पिरगाळलंत. वळणावर इंजिन उलटलं आणि थेट फरशीवर. सगळे हसले. मीही हसले. अण्णांनी इंजिन रुमालात गुंडाळलं आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी नानाखेड्याला त्यांच्याकडे गेले. वाकडं चाक सरळ करत बसले होते. म्हटलं, “अण्णा, पोरांसाठी थोडी पळवली तर काय बिघडलं?”

गेलेल्या बायकोची आठवण काढत ते म्हणाले, “रजनीचा ताप उतरेना, तेव्हा तिला आगरहून याच गाडीनं आणली. डोकं माझ्या मांडीवर. दर स्टेशनावर विचारायची, उज्जैन आलं का? दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.”

“मग तर या गाडीचा राग यायला हवा!”

“येतो ना. पण आता टेबलावर पळवू? बघणारा म्हणेल, गाडी तर चांगली धावत होती, मास्तरानंच बायकोला उशिरा आणली.”

अण्णा, तुम्हाला न विचारता हे भर सभेत सांगितलं. मान खाली घालू नका. घालायचीच तर आम्ही घालू.

आता समितीनं ठरवलंय म्हणे, या गाडीला, भय्यासाहेब, तुम्ही सिंगापूरहून आणलेली जोरदार मोटर बसवायची. कारण काय, तर बाजारात विदेशी खेळणी आली, घरोघरी केबल आलं, मुलं कंटाळतात. कंटाळू द्या की! त्या गाडीत बसलेली माणसंही कंटाळायची, उतरून पाय मोकळे करायची. तीच तर ती गाडी! आजपासून तिचं बटण माझ्या हाती राहील. हे पटत नसेल, तर मॉडेल आज रात्रीच माझ्या घरी जाईल. हातगाडी मी सांगून ठेवली आहे.

अण्णा, सुखरूप जा, आणि गौरीला आमचा आशीर्वाद सांगा. समितीनं बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. भय्यासाहेब, मोटर मात्र परत न्या.